कोरीव कामात स्टेनलेस सुरीची धार: वळते, झिजते, की मुळात नीट लागलेलीच नसते?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

गेली सात वर्षे मी लाकडी चमचे, छोटे पक्षी आणि उठावाची पाने कोरत आलो आहे, आणि एवढा काळ हातात साध्या कार्बन पोलादाची सुरीच होती. अलीकडे ओल्या लाकडावरचे काम वाढले आणि तिचा एक दोष फार खुपू लागला. अर्धा तास काम केले की पाते काळवंडते, लाकडावर निळसर काळे डाग उमटतात आणि पॉलिश कागदाने घासूनही ते पुरते निघत नाहीत. म्हणून १२सी२७ या स्टेनलेस पोलादाची एक सुरी घेतली. पात्याची लांबी, जाडी आणि मुठीची ठेवण जुन्या सुरीसारखीच असल्याने दोघींची तुलना करायला हरकत नसावी.

पहिली वीस मिनिटे सुरी सुरेख चालली. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास ढलपी सलग निघेना, मध्येच तुटू लागली, आणि कापलेल्या पृष्ठभागाची चकाकी जाऊन तो मंद, किंचित लवदार दिसू लागला. पाते दिव्याखाली धरून धार सरळ डोळ्यासमोर आणली तेव्हा पोटाच्या भागात, म्हणजे जिथे अंगठ्याचा दाब सर्वांत जास्त पडतो तिथे, साधारण दोन सेंटिमीटर लांबीची एक पांढरी रेघ चमकत होती. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. नखावरून पाते हलकेच आडवे ओढले तर एका बाजूने ते अडखळते, दुसऱ्या बाजूने मात्र गुळगुळीत सरकते.

दोन्ही सुऱ्यांना मी एकाच पद्धतीने धार लावतो: आधी १००० चा दगड, नंतर ६००० चा (आकडा मोठा तितका दगड बारीक), शेवटी चामड्याची पट्टी आणि चकाकी आणणारी हिरवी पेस्ट. कोन दोन्ही बाजू मिळून २० अंश. कार्बनच्या सुरीला एवढ्यावर दोन-अडीच तास पुरतात. मग हा दोष स्टेनलेस पोलादाचा म्हणायचा, या एका सुरीचा, की माझ्या हाताचा?

धारवाला

उत्तर देण्याआधी दोन गोष्टी कळाव्यात. पांढरी रेघ दिसल्यावर पाते फक्त चामड्यावर फिरवून पाहिलेत का, आणि फिरवल्यावर धार परत आली का? शिवाय काम कोणत्या लाकडावर चालले होते, मऊ की कठीण, आणि त्यात गाठी होत्या का?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

लाकूड मऊ आणि सरळ तंतूंचे होते, गाठ एकही नव्हती. चामड्यावर वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर धार परत आली, पण जेमतेम दहा मिनिटे टिकली. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा पाच मिनिटे.

निसणा

तुमच्या या शेवटच्या ओळीतच अर्धे उत्तर आहे. ‘धार गेली’ हे आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतो, आणि त्या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. धार झिजते, म्हणजे टोकावरचे पोलाद घासून जाते आणि टोक गोलसर होते. धार वळते, म्हणजे पोलाद जागेवरच असते पण एका बाजूला कलंडते. आणि धारेला दाते पडतात, म्हणजे पोलादाचे बारीक तुकडे निखळतात. झिजलेली धार चामड्यावर परत येत नाही, तिला दगडच लागतो; दाते पडलेली तर मुळीच येत नाही. तुमची धार परत आली आणि नख एकाच बाजूने अडखळले, याचा अर्थ ती वळली होती. गाठ नसलेले, माती न लागलेले मऊ लाकूड चाळीस मिनिटांत पोलाद झिजवून टाकील, हे मला पटत नाही.

आता ती का वळली, ते पाहू. ताठपणाच्या बाबतीत कार्बन आणि स्टेनलेस पोलादांत सांगण्याजोगा फरक नसतो. सारख्याच जाडीचे पाते सारख्याच दाबाखाली दोन्हींत जवळपास सारखेच वाकते. फरक पडतो तो दाब काढल्यावर. कडक पोलाद सरळ होऊन मूळ जागी येते, मऊ पोलाद वाकलेलेच राहते. बाजारातल्या १२सी२७ च्या बहुतेक सुऱ्या रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५८ एवढ्याच कडक ठेवलेल्या असतात, कारण त्या दोरी कापायला, फांद्या छाटायला, प्रसंगी खोचून उचकटायलाही वापरल्या जाणार असतात आणि तिथे पाते मोडण्यापेक्षा वाकलेले परवडते. खास कोरीव कामासाठी केलेल्या कार्बन सुऱ्या सहसा ५८ ते ६१ च्या दरम्यान असतात. दोन-तीन अंकांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण २० अंशांच्या धारेच्या टोकाशी, जिथे पोलाद काही मायक्रॉनच (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असते, तिथे तोच निर्णायक ठरतो.

आणि आता कोन. धारेच्या टोकापासून ठरावीक अंतरावर पाते किती जाड आहे, ते कोनावर अवलंबून असते. एकूण कोन २० वरून २५ अंश केला तर त्याच अंतरावरची जाडी सव्वापट होते, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ दुप्पट होतो. कापायला लागणारा जोर मात्र त्या मानाने थोडाच वाढतो. तेव्हा सुरीला दोष देण्याआधी तिला २५ अंशांवर आणून एकदा पाहावे. संपूर्ण उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू, बदलण्याची गरज नाही. शेवटच्या बारीक दगडावर पाते प्रत्येक बाजूला दोन-अडीच अंश उचलून चार-पाच हलके हात दिले की केसाएवढा दुसरा उतार तयार होतो, आणि कोरताना पाते लाकडावर टेकण्याची जी सवय हाताला असते तीही बिघडत नाही.

भुसा

एवढा हिशेब कशासाठी? स्टेनलेस हे भांड्यांचे पोलाद आहे. माझ्याकडे आजवर तीन स्टेनलेस सुऱ्या आल्या, तिन्ही आठवडाभरात पेटीच्या तळाशी गेल्या. कोरीव कामाला कार्बनच हवे. गंजते म्हणता, तर काम संपले की पुसून तेलाचा हात द्यावा.

निसणा

भुसा, तुमच्या तिन्ही सुऱ्या वाईट असतीलही. पण त्यावरून सगळ्या स्टेनलेसला एका पंक्तीत बसवणे बरोबर नाही. ‘स्टेनलेस’ या शब्दाचा अर्थ एवढाच की त्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम आहे. धारेविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. ४२० जातीच्या स्वस्त प्रकारांत कार्बन पाव-अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो, आणि त्यांना कितीही चांगले पाणी दिले, म्हणजे तापवून विझवून कडक केले, तरी कडकपणाला मर्यादा पडतेच. १२सी२७ मध्ये कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम १३.५ टक्के असते. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. ही तीन अगदी वेगळ्या स्वभावांची पोलादे आहेत.

गंमत अशी की कोरीव कामासाठी यांतले सर्वांत ‘भारी’ पोलाद सर्वांत चांगले ठरत नाही. ४४०सी मध्ये क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन कार्बाइडचे टणक खडे तयार होतात आणि त्यांतले काही २० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असतात. २० अंशांच्या धारेत टोकापासून सुमारे ५७ मायक्रॉनवर पात्याची संपूर्ण जाडीच २० मायक्रॉन असते. म्हणजे त्याच्या पुढे असा खडा धारेत मावतच नाही. तो एकतर बाहेर डोकावतो नाहीतर निखळतो आणि मागे खळगा ठेवतो. असली धार दोरखंड कापायला उत्तम, कारण तिथे ती करवतीसारखी चालते. लाकडावर मात्र त्या प्रत्येक खळग्याची रेघ उमटते. याउलट १२सी२७ किंवा एईबी-एल ही पोलादे दाढीच्या पात्यांच्या घराण्यातली. त्यांतले कार्बाइड बहुतेक एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, म्हणून ती निमुळती धार पेलतात. रोज दाढी करणारा माणूस स्टेनलेसची धारच गालावर फिरवत असतो, हे आपण विसरतो.

अवांतर: ही तक्रार स्टेनलेसच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअरली या धातुतज्ज्ञाने पहिले गंजरोधक पोलाद ओतले तेव्हा तिथल्या सुऱ्या बनवणाऱ्यांनी ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ म्हणून त्याची थट्टा केली होती. नेहमीच्या पोलादाला ज्या पद्धतीने पाणी देत, तीच पद्धत त्यांनी या नव्या पोलादाला लावली होती. साधे कार्बन पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून विझवले की कडक होते; सुरीच्या स्टेनलेसला त्यासाठी १००० ते १०८० अंशांची आच लागते आणि तिथे काही मिनिटे धरून ठेवावे लागते, नाहीतर कार्बाइड नीट विरघळत नाहीत.

ताटली

हे वाचून माझी एक जुनी फजिती आठवली. सुरुवातीला मी जेवणाच्या एका जाड स्टेनलेस चमच्याचा दांडा ठोकून आणि घासून सुरी केली होती. भट्टीत लाल केली, तेलात विझवली, पुन्हा केली, तीनदा केली. धार लागायची, पण लाकडाला टेकताच सुरकुतलेल्या कागदासारखी व्हायची. पुढे कळले की चमचे आणि भांडी बहुधा १८/८ जातीच्या पोलादाची असतात, ज्यात १८ टक्के क्रोमियमबरोबर ८ टक्के निकेल असते, आणि हे पोलाद तापवून विझवल्याने कडक होतच नाही. उलट ठोकल्याने जो थोडाफार कडकपणा आला होता तोही मी भट्टीत घालवला होता. चुंबक चिकटला तर पोलाद सुरीसाठी योग्य, असा जो एक समज आहे तोही अर्धाच खरा आहे. चुंबक अजिबात न चिकटणारे पोलाद सोडून द्यावे हे ठीक. पण चिकटणारे सगळेच कडक होते असे नाही, कारण ४३० जातीचे स्टेनलेस चुंबकाला चिकटते आणि तरीही त्याला पाणी चढत नाही.

ओलीफांदी

मी जवळजवळ सगळे काम ताज्या तोडलेल्या लाकडात करते आणि दोन्ही पोलादे वापरते, म्हणून डागांविषयी थोडे लिहिते. तो रंग निव्वळ गंजाचा नाही. लाकडातले टॅनिन आणि पात्यावरचे लोह यांच्या संयोगातून तो तयार होतो. लोखंड आणि टॅनिनची काळी शाई जशी पूर्वी करत, तशीच ही प्रक्रिया आहे. बाभूळ किंवा ओकसारख्या टॅनिन भरलेल्या लाकडात तो काही मिनिटांत दिसतो, फिकट मऊ लाकडात उशिरा. बहुतेक लाकडांचा रस सौम्य आम्लधर्मी असतो आणि त्याचा परिणाम धारेवर सर्वांत आधी होतो, कारण तिथे पोलादाची जाडीच नगण्य असते. कार्बनचे पाते न पुसता जेवायला गेले आणि परत येऊन पाहिले तर धारेने कशालाही न शिवता तिची तीक्ष्णता उतरलेली असते. स्टेनलेसला हा त्रास फारसा नाही. म्हणून ओल्या लाकडात तुलना करताना फक्त कापण्याची मिनिटे मोजू नयेत, मधली विश्रांतीही धरावी.

माझ्या हाताला तरी असे वाटते की ओल्या लाकडात दोघींतला फरक जवळपास मिटतो. ओले तंतू सहज तुटतात, धारेवर आडवा ताण कमी येतो. तोच चमचा वाळल्यावर शेवटचा हात फिरवायला घेतला की स्टेनलेस लगेच कुरकुरते.

धारवाला

निसणा यांच्या गणिताशी मी सहमत आहे, पण धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रतिसादातल्या एका तपशिलाकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. पहिल्यांदा चाळीस मिनिटे, चामड्यानंतर दहा, मग पाच. नुसती वळलेली धार सरळ केली तर इतक्या झपाट्याने ढासळत नाही. मला संशय आहे तो पापुद्र्याचा, ज्याला कारखान्यात ‘बर’ म्हणतात.

दगडावर घासताना धारेच्या टोकाशी पोलादाचा एक अतिपातळ पापुद्रा मागच्या बाजूला वळून उभा राहतो. कार्बन पोलादात तो ठिसूळ असतो आणि बारीक दगडावर बाजू बदलत गेले की सुटून पडतो. चामड्यावर कधीकधी काळ्या केसासारखा चिकटलेला दिसतोही. स्टेनलेसचा पापुद्रा मात्र चिवट. तो तुटत नाही, नुसता या बाजूचा त्या बाजूला होतो, आणि चामड्यावर फिरवले की उभा राहून चक्क धारेचे सोंग घेतो. अशी खोटी धार कागद कापते, हातावरचे केस उडवते, आणि लाकडात पंधरा-वीस मिनिटांत आडवी पडते. पुन्हा चामड्यावर उभी करावी तर दर खेपेस अधिक थकलेली, कारण तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती कमजोर होत जाऊन शेवटी तुटते, तसलाच हा प्रकार आहे.

उपाय सोपा आहे, घाई मात्र चालत नाही. १००० च्या दगडावर पापुद्रा पूर्ण लांबीवर बोटाला जाणवला की दाब निम्मा करावा आणि प्रत्येक हाताला बाजू बदलावी. नेहमी धारेच्या दिशेने, जणू दगडाची पातळ चकती कापायची आहे असे, पुढे ढकलावे. मागे ओढल्याने पापुद्रा आणखी लांबतो. यानंतर मऊ लाकडाच्या आडव्या कडेवरून धार एकदाच, अजिबात जोर न देता ओढावी. काही सुटायचे असेल तर तिथे सुटते. त्यानंतरच ६००० चा दगड. चामडे सर्वांत शेवटी आणि थोडेच: प्रत्येक बाजूला दहा वेळा, पट्टी सपाट लाकडावर घट्ट चिकटवलेली. पट्टी लोंबती किंवा जाड मऊ असेल तर ती धारेभोवती वळते आणि टोक गोल करून ठेवते.

सुतारपक्षी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन रविवार यात घालवले, त्याचा वृत्तांत देतो.

पहिल्या रविवारी कोन २० अंशच ठेवला आणि फक्त पापुद्रा काढण्याची पद्धत बदलली. १००० च्या दगडानंतर माझ्या साध्या भिंगातून पाहिले तर पात्याच्या टोकाकडच्या एक तृतीयांश भागात पापुद्रा जसाच्या तसा होता. तिथे वळण असल्याने माझा हात उचलला जात होता आणि ते मला सात वर्षांत कळले नव्हते. कार्बनच्या सुरीने ही चूक पोटात घातली, स्टेनलेसने ती उघडी पाडली. पापुद्रा नीट काढल्यावर तेच मऊ लाकूड, तसेच काम: पांढरी रेघ दिसायला एक तास दहा मिनिटे लागली.

दुसऱ्या रविवारी २५ अंशांचा बारीक उतार दिला. दीड तासानंतरही रेघ नव्हती. पाते लाकडात शिरताना किंचित अधिक जोर लागतो, विशेषतः खोलगट वळणात, पण पृष्ठभागाची चकाकी कायम राहिली. वाळलेल्या कठीण लाकडात मात्र कार्बनची सुरी अजूनही सरस आहे, हे कबूल केले पाहिजे. तिथे स्टेनलेसला दर वीस-पंचवीस मिनिटांनी चामडे लागते, कार्बनला साधारण त्याच्या दुप्पट वेळाने.

एक शंका उरली आहे. दुसऱ्या दिवशी सागाचा एक तुकडा घेतला तर दोन्ही सुऱ्या सारख्याच लवकर बोथट झाल्या, आणि या वेळी चामड्याने काहीच फरक पडला नाही.

निसणा

ते खरे झिजणे. सागाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. रंध्याची पाती आणि करवतीचे दातही त्यात लवकर मरतात. इथे धार वळत नाही, वाळूवर घासल्यासारखी तिची कड गोल होते, म्हणून चामड्याचा उपयोग नाही, दगडच हवा. खरे तर टणक कार्बाइड असलेल्या पोलादांचा फायदा व्हायला हवा तो अशाच लाकडात.

ताटली

मग सागासाठी एस३०व्ही सारखे व्हॅनेडियमचे स्टेनलेस घ्यावे का? त्यात ४ टक्के व्हॅनेडियम असते आणि त्याची धार महिनोन्‌महिने टिकते असे ऐकले आहे.

निसणा

झिजेला ते नक्कीच जास्त टिकेल. पण व्हॅनेडियमचे कार्बाइड धारेच्या नेहमीच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही टणक असतात, त्यामुळे दगड त्यांना कापण्याऐवजी त्यांच्या भोवतीचे पोलाद खरवडतो आणि हिरे बसवलेली पट्टी घ्यावी लागते. कोरताना आपण धार दर अर्ध्या तासाने ताजी करतोच. जे काम दहा वेळा चामड्यावर फिरवून भागते, त्यासाठी धार लावायला तासभर घेणारे पोलाद मी तरी घेणार नाही. सागात मी साधी सुरी घेतो आणि दगड शेजारी ओला ठेवतो.

भुसा

धारवाला यांनी सांगितल्याप्रमाणे पेटीच्या तळाशी टाकलेल्या तीनपैकी एक सुरी काल काढून पाहिली. पापुद्रा होता, चांगला मूठभर म्हणावा इतका. काढला. एक तासभर चालली. उरलेल्या दोन्हींपैकी एकीवर ४२० चा शिक्का आहे, तिची आशा सोडली आहे. तिसरीवर काहीच शिक्का नाही. मागे एकदा मी तिला विजेच्या चाकावर कोरडी घासली होती, पण पाते निळे पडले नव्हते, म्हणजे पाणी उतरलेले नसावे. बरोबर ना?

धारवाला

दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. कार्बन पोलाद ३०० अंशांच्या आसपास निळे पडते आणि आपल्याला इशारा मिळतो. स्टेनलेसवर तोच रंग बऱ्याच अधिक तापमानाला उमटतो, आणि धारेची अगदी कड रंग दिसण्याआधीच मऊ झालेली असू शकते. मात्र उष्णतेचा असर बहुधा कडेपुरताच असतो. दगडावर, पाण्यात, हाताने अर्धा-एक मिलिमीटर पोलाद मागे घ्या. नव्या सुऱ्यांतही कारखान्यातली पहिली धार कधीकधी याच कारणाने मऊ निघते आणि तीन-चारदा दगडावर गेल्यावर सुरी सुधारते. तेवढ्यानेही धार वळत राहिली तर मग पोलादच मऊ आहे असे समजा.

भुसा

घासायला घेतली आहे. अर्धा मिलिमीटर हाताने म्हणजे काय, हे आत्ता कळते आहे. उद्या संध्याकाळी कळवतो.